शाळा अनेक, मैदान एक : ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील आंतरशालेय खेळांची वाटचाल

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटला की आधी संस्थापकांची छायाचित्रे येतात, मग घटना, मग कार्यकारिणीच्या याद्या. आंतरशालेय खेळांच्या बाबतीत ही सोय नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात शाळांनी एकत्र येऊन खेळ चालवले खरे, पण त्याचे एक कार्यालय नाही, एक अध्यक्ष नाहीत, वर्धापनदिनही नाही. जिल्हा क्रीडा कार्यालय, महापालिका, क्रीडाशिक्षकांच्या संघटना, एकेका खेळाच्या जिल्हा संघटना, गल्लीतली व्यायाम मंडळे आणि शाळा, अशा अनेक हातांनी हा गाडा ओढला जातो. तरी ती संस्थाच आहे. दरवर्षी पावसाळ्यात प्रवेशिका निघाल्या की ती जागी होते आणि राज्य स्पर्धा आटोपल्या की निजते.

ती उभी राहिली ती गरजेपोटी. या तिन्ही गावांत एकट्या शाळेला पुरेल एवढे मैदान फार थोड्यांकडे होते आणि आहे. दोन सत्रांत भरणारी शाळा, मधला चौक, त्यातच प्रार्थना, त्यातच स्नेहसंमेलनाचा मंडप, त्यातच शिक्षकांच्या दुचाकी. अशा शाळेतल्या मुलाला चारशे मीटर धावायचे असेल तर शाळेबाहेर पडण्याला पर्याय नाही, आणि बाहेरचे मैदान दुसऱ्या शाळेलाही हवे असते. म्हणजे वाटून घेणे आलेच. मैदान वाटून घेतले, पंच वाटून घेतले, स्पर्धा वाटून घेतल्या. तयारी मात्र ज्याची त्याने करायची, हे कोणी न ठरवता ठरून गेले. इथल्या शालेय खेळांचे बळ आणि दुखणे ही दोन्ही याच ठिकाणी सापडतात, असे माझे मत आहे.

नमुना अर्थातच मुंबईचा. मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन १८९३ साली निघाली. गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची शिल्ड १८९६ पासून खेळली जाऊ लागली आणि पुढे लहान गटासाठी गाईल्स शिल्ड आली. क्रिकेटच्या गप्पांत या दोन ढाली नेहमी निघतात, पण त्यामागची व्यवस्था कोणी सांगत नाही. मिशनरी शाळा, पारशी शाळा, गुजराती आणि मराठी शाळा, एरवी ज्यांचा एकमेकींशी संबंध येण्याचे कारण नव्हते, त्या एका नियमावलीखाली आल्या. वय कसे धरायचे, तक्रार कोणाकडे करायची, पाऊस पडला तर काय करायचे, हे सगळ्यांनी मिळून ठरवले. १९८८ मध्ये शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा ही व्यवस्था नव्वदी ओलांडून गेली होती.

ठाण्याच्या बाजूला चित्र वेगळे होते. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला पोचली खरी, पण ढाली आणि चषक तिच्यातून लगेच उतरले नाहीत. इथे खेळ रुजला तो व्यायामशाळांतून. ठाण्याच्या चरईतले श्री मावळी मंडळ १९२५ चे. त्याच्या कबड्डी स्पर्धेची तारीख आजही पंचक्रोशीतले खेळाडू पाहून ठेवतात. अशा मंडळांत येणारी मुले शाळांचीच असत. सकाळी वर्गात, संध्याकाळी हौद्यात किंवा मैदानात. शाळेला वेगळा क्रीडा विभाग काढावा लागला नाही, कारण तो गल्लीत होताच. त्याच सुमारास देशी खेळांना लेखी नियम मिळत होते. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३० च्या दशकात हुतूतूच्या गावोगावच्या तऱ्हा एका नियमावलीत बसवल्या. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. गावागावांत खेळ एकसारखा झाल्याशिवाय दोन शाळांचा सामना होऊ शकत नाही. त्यामुळे नियमावलीचे हे काम सामन्यांपेक्षाही आधीचे मानले पाहिजे.

शाळेत ‘पीटीचे सर’ आले ते यानंतर. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली गेली. तिच्या पाठोपाठ १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिथून बाहेर पडलेला शिक्षक कवायत, लेझीम, डंबेल्स, मानवी मनोरे यांचा शास्त्रशुद्ध क्रम घेऊन शाळेत जाई. मुख्य म्हणजे शेजारच्या शाळेतल्या सरांचा तो सहाध्यायी असे. दोन मुख्याध्यापक एकमेकांना पत्र पाठवत तोवर दोन पीटीचे सर कँटीनमध्ये बसून मैत्रीपूर्ण सामना ठरवून मोकळे होत. आंतरशालेय खेळांचा हा खरा सांधा आहे आणि कुठल्याही शासन निर्णयात तो सापडणार नाही.

हा सांधा कसा चालतो ते स्पर्धेच्या दिवशी पाहावे. सकाळी मैदानावर आधी येते ती फक्कीची गोणी. यजमान शाळेचे सर दोरीचे एक टोक धरतात, दुसरे टोक ज्यांच्या संघाचा पहिला सामना आहे ते सर. तिसऱ्या शाळेच्या बाई टेबलाशी बसून ओळखपत्रे तपासतात. मुख्याध्यापकांची सही हवी, शाळेचा गोल शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर हवा, जन्मतारीख जनरल रजिस्टरशी जुळायला हवी. चौदा वर्षांखालच्या गटात मिसरूड फुटलेला मुलगा दिसला की दिवसाचा पहिला वाद तिथेच होतो. तो मिटतो, कारण वाद घालणारे सर आणि ऐकून घेणाऱ्या बाई पुढच्या आठवड्यात खो-खोला पुन्हा समोरासमोर येणार असतात. सकाळच्या फेरीत ज्यांचा संघ हरला तेच सर दुपारी दुसऱ्या सामन्यात शिट्टी घेऊन उभे राहतात, आणि ज्या शाळेकडून हरले तिलाच चढाईत बोनस देतात. एखादा संघ आलाच नाही तर समोरच्याला ‘पुढे चाल’ मिळते. त्या मुलांचे उतरलेले चेहरे पाहून मग कोणीतरी सर त्यांचा आणि तिसऱ्या शाळेचा एक सामना उगाचच लावून देतात. त्याची कुठे नोंद होत नाही.

सरकारी चौकट आली ती स्वातंत्र्यानंतर. १९५४ मध्ये स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि शालेय स्पर्धांना राष्ट्रीय पातळीपर्यंत जाणारी शिडी मिळाली. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्र. राज्याचे आठ क्रीडा विभाग, त्यात आपला मुंबई विभाग. गट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे. ऐकायला ही शिडी सरळ वाटते, पण जुना ठाणे जिल्हा आठवावा. एका टोकाला डहाणू-तलासरी, दुसऱ्या टोकाला मुरबाड, मध्ये जव्हार-मोखाड्याचा डोंगर आणि खाली ठाणे-कल्याणची गर्दी. २०११ च्या जनगणनेत या एका जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर गेली. देशातला सर्वांत दाट वस्तीचा तो नसेल, पण त्याच्याएवढ्या माणसांचा दुसरा जिल्हा नव्हता. मोखाड्याच्या आश्रमशाळेतली अनवाणी पळणारी मुलगी आणि नौपाड्यातली स्पाइक्स घातलेली मुलगी एकाच जिल्ह्याच्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि ही लांबण कमी झाली.

त्याआधीच एक मोठा बदल झाला होता. ठाणे महापालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवली १९८३ ची. पुढे शालेय स्पर्धांत महापालिका क्षेत्राला जिल्ह्याचा दर्जा मिळाला. म्हणजे कल्याण-डोंबिवलीतला विजेता संघ ठाण्याशी न भिडता थेट विभागाला जाऊ लागला. डोंबिवलीतल्या शाळांचे यात भलेच झाले. प्रवास वाचला, संधी वाढली, आणि महापालिकेला स्पर्धा भरवण्याची जबाबदारी घ्यावी लागली. पण लहान वर्तुळात चुरस कमी होते, हेही खरे. काही खेळांत दोन-तीन संघ उतरतात आणि एक सामना जिंकून विभागाचे तिकीट मिळते. विभागाला गेल्यावर मुंबई शहर आणि उपनगरची मुले भेटतात आणि मग कळते.

महापालिकांनी जागाही दिल्या. ठाण्यात १९८२ चे दादोजी कोंडदेव क्रीडा प्रेक्षागृह, डोंबिवली पूर्वेला सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुल, पश्चिमेला भागशाळा मैदान, कल्याणात सुभाष मैदान. शाळांच्या संयुक्त खेळाची ही खरी पटांगणे. त्यावर हक्क मात्र सगळ्यांचाच. प्रदर्शन, सभा, उत्सव, सगळे तिथेच. ठाण्याच्या गावदेवी मैदानाखाली आता वाहनतळ आहे. वर खेळ, खाली गाड्या, ही तडजोड शहराने स्वीकारली. २०१६ च्या डिसेंबरात सुभाष मैदानावर एका केंद्रीय मंत्र्यांचे हेलिकॉप्टर उतरणार म्हणून सराव करणाऱ्या मुलांना उठवण्यावरून वाद झाला. बातमी देशभर गेली, कारण त्या मुलांत प्रणव धनावडे होता.

प्रणवच्या सामन्यावर इथे जरा थांबले पाहिजे. कल्याणच्या शालेय खेळाचे नाव जगभर झाले ते त्याच सामन्याने, आणि विसरण्याची घाई आपल्याला झाली तीही त्याच सामन्याची. मुंबई क्रिकेट संघटनेच्या आंतरशालेय भंडारी चषकाचा सामना. मैदान वायलेनगरमधल्या युनियन क्रिकेट अकादमीचे. एकीकडे के. सी. गांधी शाळा, दुसरीकडे आर्य गुरुकुल, दोन्ही कल्याणच्याच. ४ जानेवारी २०१६ रोजी दिवसअखेर रिक्षाचालकाचा हा मुलगा ६५२ धावांवर नाबाद होता. इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा ६२८ धावांचा विक्रम मोडला होता. दुसऱ्या दिवशी तो १००९ वर नाबाद राहिला : ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. संघाच्या ३ बाद १४६५. आर्य गुरुकुलचे डाव ३१ आणि ५२. एक डाव आणि १३८२ धावांनी विजय.

प्रणवचे कौतुक करावे तेवढे थोडे. दोन दिवस एकाग्रतेने, न थकता, एकही चूक महाग पडू न देता खेळणे सोपे नसते. पण त्या आकड्यांची दुसरी बाजू त्याच वेळच्या बातम्यांत आली होती. एका बाजूची सीमारेषा फार जवळ होती. समोरच्या संघातली मुख्य मुले परीक्षेच्या तयारीत होती आणि मैदानात उतरलेल्यांत अशी मुले होती जी लेदर चेंडूवर फारशी खेळलीच नव्हती. झेल सुटत गेले. तरी तो संघ आला, दोन दिवस चेंडू टाकत राहिला, ‘पुढे चाल’ देऊन घरी बसला नाही. माझ्या दृष्टीने त्या मुलांचीही नोंद या इतिहासात झाली पाहिजे. दोन शाळा एकाच गावातल्या. एका शाळेकडे प्रशिक्षक, नेट, रोजचा सराव. दुसरीकडे त्यातले फारच थोडे. स्पर्धेच्या दिवशी त्या एकत्र आल्या. त्याआधीच्या वर्षभरात त्यांनी एकत्र सराव करावा असे सुचवणारी यंत्रणाच नव्हती. असती तर हा विक्रम झाला नसता कदाचित, आणि कल्याणला दोन बरे संघ मिळाले असते. पुढे क्रिकेट संघटनेने प्रणवला दरमहा १० हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली, आणि त्याचा खेळ उतरल्यावर २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी ती आपणहून थांबवायला सांगितली. या सबंध प्रकरणातली ती सर्वांत शहाणी कृती होती.

स्पर्धांच्या शिडीच्या जोडीला दहावीच्या परीक्षेतले क्रीडा गुण आले. हेतू चांगला होता आणि फायदाही झाला. पूर्वी ‘खेळून काय मिळणार’ विचारणारे पालक आता प्रवेशिकेची तारीख विचारतात. पण त्याचबरोबर मान्यताप्राप्त खेळांची यादी लांबत गेली आणि ज्या खेळात संघ कमी तिकडे ओढा वाढला. नववी-दहावीत एकदम खेळाडू झालेली मुले कुठल्याही शाळेत भेटतील. शिक्षकांना हे कळते. तेही काय करणार? गुण मिळाले की शाळेचा निकाल वर जातो.

आणि हे शिक्षक तरी किती उरले? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान सांगितले आहे, पण शारीरिक शिक्षणासाठी सांगितला आहे तो अर्धवेळ निदेशक, तोही सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुले असतील तर. २०१७ मध्ये नव्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाच्या तासिका घटल्या, तेव्हा राज्यभरातल्या क्रीडाशिक्षकांनी शालेय स्पर्धांवर बहिष्काराची भाषा केली. मुलांचे नुकसान करणारे हत्यार, असे त्यांना तेव्हा ऐकून घ्यावे लागले. दोरीचे दुसरे टोक धरणारा माणूस नसेल तर स्पर्धा भरत नाही, एवढे त्यानिमित्ताने सर्वांना दिसले.

तयारीही एकत्र करता येते, ही कल्पना नवी नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) जवळच्या शाळांचे संकुल सुचवले होते : एका माध्यमिक शाळेभोवती आसपासच्या प्राथमिक शाळा, आणि साधने, प्रयोगशाळा, अनुभवी शिक्षक सगळ्यांत वाटून. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा संकुल पुन्हा आले आहे. हल्ली ‘समूह शाळा’ म्हटले की लहान शाळा बंद पडण्याचीच भीती वाटते, आणि ती अनाठायी नाही. पण नाईकांच्या मनातले संकुल शाळा मिटवणारे नव्हते.

त्याची एक जिवंत खूण ग्रामीण भागात आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा केंद्रांत गुंफलेल्या असतात, आणि त्यांच्या स्पर्धा केंद्र, बीट, तालुका, जिल्हा अशा चढत जातात. केंद्राच्या स्पर्धेत लंगडी, खो-खो, कबड्डी, रिले. दोनशिक्षकी शाळेला कबड्डीचा संघ स्वतःच्या बळावर उभा करता येत नाही, म्हणून केंद्रातले गुरुजी आपसांत काम वाटून घेतात : ज्याला खो-खो येतो तो खो-खोची मुले पाहतो, ज्याच्या शाळेला सपाट शेत लागून आहे तिथे धावण्याचा सराव. कल्याण तालुक्याच्या गावांत हे चालते आणि पाच-दहा किलोमीटरवरच्या शहरातल्या मोठ्या इमारतींच्या शाळांना त्याचा पत्ता नसतो.

इंग्लंडने हे सरकारी पैशाने करून पाहिले. २००० नंतर तिथे शाळांच्या क्रीडा भागीदाऱ्या उभ्या राहिल्या. मध्ये खेळात वरचढ असलेली एक शाळा, भोवती काही माध्यमिक, त्यांच्याभोवती प्राथमिक. माध्यमिक शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला आठवड्यातले दोन दिवस वर्गातून मोकळे करायचे आणि त्या दिवसांत त्याने शेजारच्या शाळांसाठी काम करायचे. काही वर्षांत अशा साडेचारशे भागीदाऱ्यांनी सारा देश व्यापला. २०१० मध्ये सरकार बदलले आणि शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी वर्षाचे १६ कोटी २० लाख पौंड थांबवण्याची घोषणा केली. शिक्षक, खेळाडू आणि मुले चिडली, तेव्हा आठवड्याचा एक दिवस काही काळापुरता परत मिळाला. मला यातला पैशाचा भाग तितका महत्त्वाचा वाटत नाही. शिक्षकाला वेळ मोकळा करून द्यायचा, हे त्यांना सुचले. आपल्याकडे क्रीडाशिक्षक मोकळा झाला की त्याला शालेय पोषण आहाराची वही किंवा निवडणुकीचे काम मिळते.

आपल्याकडे एकत्र तयारीची ही उणीव शाळेबाहेरच्या केंद्रांनी भरून काढली. ठाण्यात दादोजी कोंडदेवला महापालिकेच्या सय्यद मोदी योजनेतून बॅडमिंटनपटू घडले, नौपाड्याच्या सरस्वती क्रीडा संकुलात जिम्नॅस्टिक्स रुजले, डोंबिवलीच्या भोईर जिमखान्यात ट्रॅम्पोलिन. अजिंक्य रहाणे डोंबिवलीच्या स. वा. जोशी विद्यालयाचा; त्याची सुरुवात गावातल्याच मॅटिंगच्या विकेटवर झाली, कारण घरची परिस्थिती त्यापलीकडचे प्रशिक्षण परवडण्याची नव्हती. या केंद्रांत दहा शाळांचे गणवेश एका भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले दिसतात. शाळांना जे जमले नाही ते त्यांच्या मुलांनी करून टाकले. पण तिथे फी भरणारी मुले जातात, आणि प्रशिक्षकाच्या नजरेत भरलेली. बाकीची शाळेच्या चौकात, दुचाकींच्या मधून पकडापकडी खेळतात.

सध्याचा नवा प्रश्न मॅटचा आहे. कबड्डीच्या वरच्या स्पर्धा मॅटवर होतात आणि आपली बहुतेक शालेय मुले मातीत खेळून वाढलेली. मातीत पाय घसरवून केलेली पकड मॅटवर लागत नाही, बूट घालून चढाई करायची सवय नसते, आणि विभागाला गेल्यावर पहिली दहा मिनिटे तोल सावरण्यातच जातात. मॅटचा पूर्ण संच घेणे एका मराठी शाळेच्या आवाक्याबाहेरचे. तो ठेवायला कोरडी खोलीही लागते आणि अंथरायला-गुंडाळायला डझनभर हात लागतात. आठ-दहा शाळांनी मिळून एक संच घेतला आणि ज्या शाळेला सभागृह आहे तिथे ठेवला, तर सोमवार ते शनिवार पाळ्या लावता येतील. किल्ली कोणाकडे ठेवायची, यावर मात्र पहिल्या बैठकीत दोन तास जातील.